एकट्याला खोली नाही

बॅकपॅकिंगविषयी मराठीत अलीकडे जे लिहिले जाते, त्यात एक गृहीत हमखास आढळते. पाठीवर पिशवी टाकून, मोजक्या पैशांत, अनोळखी मुलखात फिरणे ही पाश्चात्त्यांची देणगी. आपण सहलकंपनीच्या बसमध्ये चिवड्याचे डबे उघडणारे लोक. आम्हांला हे मान्य नाही.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले, ते घरचे कर्ज फिटेल एवढी दक्षिणा मिळावी म्हणून. सोबतीला चुलते. उन्हाळ्यात माळव्याची वाट, पुढे बंडाची धामधूम, झाशी, लुटालूट, आणि परतताना गंगेची कावड. १९०७ साली छापलेला ‘माझा प्रवास’ आम्ही प्राध्यापक मंडळी सत्तावनचा साक्षीपुरावा म्हणून शिकवतो. भटजी रोज कोठे जेवले, पथारी कोठे टाकली, या नजरेने तो एकदा वाचून पाहावा. त्यात भटजींइतकेच त्यांचे यजमान दिसतील.

ही सोय ब्राह्मणाला होती, इतरांचे काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, तेथे राहून तो आम्ही नाकारणार कसा? पण त्याचे खरे उत्तर गाडगे महाराजांनी दिले. पंढरपुरात त्यांनी अस्पृश्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. आमच्या नाशकातही त्यांची धर्मशाळा आहे. पैसा नसलेल्या वाटसरूला छप्पर हवे, एवढी साधी गोष्ट या माणसाला कळली होती. प्रवासवर्णनांची समीक्षा करणाऱ्या आम्हांला ती कळलेली नाही. आम्ही ‘प्रवासी मी’चा शोध घेत बसतो. (या विषयावर चर्चासत्रे झाली आहेत. जेवण उत्तम होते.)

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघे तंजावरला गेलो. दिवसाला माणशी पाचशे रुपये, त्यात राहणेही, असा बेत होता. तमिळ येत नाही, ऊन असे की दुपारी देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नाही. दहीभात आणि केळी यांवर दिवस निघाले. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहिला, सरस्वती महाल पाहिला. पण आम्हांला खरी ओढ होती ती छत्रांची.

रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजींचे. ही छत्रे चालू राहावीत म्हणून त्यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, शिजवलेले न चालणाऱ्याला कोरडा शिधा, आजाऱ्याला वैद्य, पोरक्या मुलांना शिक्षण. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा: अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे. प्रत्यक्षात हे कितपत पाळले जाई, याविषयी शंका घेता येईल. पण राज्य हातचे गेलेला राजा परक्या सत्तेपुढे कशासाठी रदबदली करतो, हेही पाहावे.

आता आमचा अनुभव. आमच्यापैकी एकजण एक दिवस आधी पोहोचला होता. एका यात्रेकरू निवासाच्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले, की एकट्याला खोली नाही. कारणही ठरलेले: एकटा माणूस जिवाचे काही बरेवाईट करून घेतो. रात्र बसस्थानकावर गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच खिडकीशी उभे राहिलो, तर खोली निघाली. आमच्याजागी एखादी विद्यार्थिनी असती तर? ‘एकट्याने फिरा, स्वतःला शोधा’ असे लिहिणाऱ्यांनी आधी या खिडकीशी भांडावे. धाडस करा म्हणून सांगायला काही पडत नाही. दोनशे रुपयांत रात्रीची पथारी देणारी जागा गावात ठेवायला मात्र पैसा लागतो आणि माणूस ओळखीचा नसताना विश्वास टाकावा लागतो.

२०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभे राहिले, ते योग्यच होते. आखाड्याविना, कुटुंबाविना, पाठीवर पिशवी घेऊन आलेल्या माणसासाठीही जागा राखून ठेवा, ही आमची मागणी आहे, आणि ती केवळ सिंहस्थापुरती नाही.

तमिळ मुलखाला नावे ठेवण्याआधी आपले घर पाहावे म्हणून परतल्यावर पंचवटीत तीन ठिकाणी चौकशी केली. दोन ठिकाणी मान हलली. तिसऱ्या ठिकाणी गृहस्थ अगत्याने म्हणाले, “सर, फॅमिली असेल तर या ना.”