पारपत्राची मुदत

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता पारपत्र आले आहे. पूर्वी गावातील एखाद्या खलाशाच्या ट्रंकेत काय ते हे पुस्तक असावयाचे. आज मुलगी आखातात परिचारिका आणि मुलगा तेथेच कुठल्याशा कारखान्यात, म्हणून आईबापांचीही पारपत्रे कपाटात दागिन्यांच्या डबीशेजारी ठेविलेली आढळतात. इतकी जपून ठेविलेली वस्तू मनुष्य वरचेवर उघडून पाहत नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच.

भोपाळ येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी २०२३ सालच्या उन्हाळ्यात जे घडले, ते आज सांगावयाचे योजिले आहे. त्यांची परवानगी आम्ही घेतली आहे. नाव छापू नये, एवढीच वहिनींची अट आहे. हे गृहस्थ मूळचे वसईकडचे. भोपाळमध्ये १९५६ साली स्थापन झालेल्या अवजड विद्युत कारखान्यात ते तरुणपणी नोकरीस लागले, आणि त्या काळी नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांप्रमाणे तेथलेच होऊन गेले. सणावाराची मिस्सा जहांगीराबादच्या संत फ्रान्सिस कॅथेड्रलमध्ये, बोलणे निम्मे हिंदी, आणि स्वयंपाकघरात मात्र वसईचा मसाला.

त्यांच्या विवाहाला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्याच वर्षी चेन्नईहून श्रीलंकेस जाऊन येणारी पर्यटन जहाजे सुरू झाली होती. मुलांनी ठरविले की, आईवडिलांना घेऊन सर्वांनी समुद्रप्रवास करावा. आखातातील मुलाला रजा मिळाली ती जुलै महिन्यातील मोजक्या दिवसांची. सबंध कुटुंब एकत्र येण्याचा योग सहा वर्षांनी येत होता. तिकिटे काढली गेली. वहिनींनी दोन नव्या साड्याही घेतल्या. बोटीवर वारा असतो म्हणून एक मुद्दाम जाड पोताची.

जून महिन्यात जहाज कंपनीचा तक्ता भरण्यास नात बसली. आजोबांचे पारपत्र २०२५ पर्यंतचे होते. आजीचे उघडले, तेव्हा त्यावर ऑक्टोबर २०२३ ही तारीख! प्रवास जुलैत, मुदत ऑक्टोबरपर्यंत, मग अडचण कसली, असे आजोबांना वाटले. परंतु तक्त्याखाली स्पष्ट लिहिले होते की, पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. दोन्ही पुस्तके एकाच रबराच्या फितीत बांधलेली, म्हणून त्यांची मुदतही एकच, असे ते धरून चालले होते. वास्तविक मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी २०१३ साली एकट्याच आखातात गेल्या होत्या. यांनी पारपत्र काढले ते त्यानंतर, २०१५ साली. बाळंतपण लक्षात राहिले. तारीख राहिली नाही.

या गृहस्थांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्याजवळ १९७८ पासूनची विजेची बिले वर्षवार लावून ठेविलेली आहेत. त्या रात्री ते जेवले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “अहो, तुम्ही सगळे जा. मी घर राखीन. मला मेलीला बोट लागतेच.” बोट त्यांना लागते की नाही हे कोणास ठाऊक, वसई सोडल्यापासून त्या होडीत बसल्या नव्हत्या. मुलाने दूरध्वनीवर सांगितले, “आई नाही तर कोणीच नाही.” आणि पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

सहा महिन्यांचा हा नियम पुष्कळांस जाचक वाटतो. तारीख शिल्लक असताना पुस्तक निरुपयोगी कसे? परंतु त्याचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. परदेशात मनुष्य आजारी पडतो, रुग्णालयात राहतो, वादळाने प्रवास लांबतो. तेवढ्यात मुदत संपली तर त्या देशाच्या हद्दीत तो कागदावाचून अडकतो. (अशा वेळी आपली वकिलात परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते, परंतु ती वेळ येऊ नये हेच बरे.) म्हणून अनेक देश आगमनाच्या दिवसापासून सहा महिने मागतात. युरोपातील शेंगेन देश तेथून निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने मागतात. शिवाय अयोग्य कागदाचा प्रवासी आणल्यास त्याला परत नेण्याचा भार विमान वा जहाज कंपनीवर पडतो. यामुळे अडवणूक परक्या बंदरावर न होता आपल्याच बंदरावर, सामान तोलताना होते. जहाजाची गोष्ट तर आणखी कडक; एका प्रवासात दोन-तीन बंदरे लागली, तर ज्या देशाचा नियम सर्वांत कठोर, तोच आपणांस लागू असे समजून चालावे. मुंबईहून गोव्यास जाऊन येणाऱ्या जहाजाला मात्र पारपत्राची गरज नाही. ओळखीचा सरकारी कागद पुरतो.

समुद्रापलीकडे जाणाऱ्याची कागदावाचून काय दशा होई, हे आपल्या लोकांना नवे नाही. बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ साली याच श्रीलंकेस गेले. तेव्हा किनाऱ्यावर डच सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूला तेथे थारा नव्हता. मजुराचा वेष घेऊन ते जाफनाच्या बाजूस उतरले आणि उतरताच अतिसाराने मरणाच्या दारी पोहोचले. पुढे १६९२ मध्ये कँडीला गेले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून राजाने त्यांना बंदीत टाकिले. मी अमुक देशाचा, अमुक कामासाठी आलो आहे, असे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. वागणूक पाहूनच राजाचे मन पालटले. १७११ साली कँडीतच त्यांनी देह ठेविला आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आमचे स्नेही त्याच बेटास निघाले होते, आणि त्यांच्याजवळ कागद इतके होते की, एकाचे दुसऱ्याशी जुळत नव्हते!

भोपाळच्या राज्यकर्त्या सिकंदर बेगम १८६३ साली हजसाठी निघाल्या व मुंबईहून आगबोटीने जेद्दास गेल्या. त्यांनी लिहिलेला वृत्तांत १८७० साली इंग्रजीत छापला गेला. आजच्यासारखे पारपत्र त्या काळी नव्हते. ही सक्ती जगभर रूढ झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, आणि हिंदुस्थानात त्याचा कायदा आला १९२० मध्ये. आपला आजचा पारपत्र कायदा १९६७ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की, परदेशी जाणे हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून सरकार त्याला पारपत्र नाकारू शकत नाही. म्हणजे खिडकीपलीकडचा अधिकारी आपणांवर मेहेरबानी करीत नसतो, हे खेड्यातील भिडस्त मनुष्याने जाणून असावे.

आता पुन्हा भोपाळकडे वळू.

तत्काळ पद्धतीने अर्ज करावयाचे ठरले. ३६ पानी पारपत्राचे शुल्क १,५०० रुपये, आणि तत्काळ हवे असल्यास आणखी २,०००. पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न आडनावाचा उपस्थित झाला. पारपत्रावर आडनावाच्या शेवटी ‘झ’ आणि आधारपत्रावर ‘स’. आपल्या समाजात ही अडचण घरोघरी आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाने लिहिलेले नाव, शाळेत मास्तरांनी कानाला लागेल तसे लिहिलेले, आणि लग्नानंतर सासरच्या आडनावाचे तिसरेच रूप. वर्षानुवर्षे कोणाचे काही बिघडत नाही. मग एके दिवशी चार कागद एका टेबलावर येतात.

तेव्हा प्रथम आधारपत्र दुरुस्त करणे आले. त्यासाठी पुरावा कोणता, तर पारपत्र! ज्या पुस्तकाची मुदत संपत आली म्हणून ही धावपळ, त्याच पुस्तकाच्या साक्षीने नाव सुधारावयाचे. यात बारा दिवस गेले. मुलगा रोज विचारी, “झाले का?” आणि आजोबा रोज म्हणत, “होईल.” वहिनींनी त्या काळात संत अंतोनीची नोव्हेना धरिली. पारपत्र केंद्रात बोटांचे ठसे उमटेनात. पन्नास वर्षे भांडी घासणाऱ्या आणि वाटण वाटणाऱ्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, ते यंत्रास कसे कळावे? तेथील मुलीने सौजन्याने ओल्या कापडाने त्यांची बोटे पुशिली, तीन-चार वेळा प्रयत्न केला, आणि ठसे आले. अधिकाऱ्याने कागद पाहून सांगितले, “माताजी, हो जाएगा.” पोलिसांची चौकशी नंतर व्हावयाची होती.

येथे थोडे विषयांतर करून एका काटकसरीविषयी सांगितले पाहिजे. पारपत्राची मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी नव्यासाठी अर्ज करता येतो. परंतु जुन्याचे उरलेले महिने नव्यात मिळविले जात नाहीत. म्हणून आपले लोक शेवटच्या महिन्यापर्यंत थांबतात; तिकिटाचे पैसे वसूल झाल्याखेरीज बसमधून न उतरणाऱ्यासारखे. दहा वर्षांच्या पारपत्राचा शेवटचा अर्धा-पाऊण वर्षाचा काळ परदेशगमनास जवळजवळ निरुपयोगीच असतो, तो राखून ठेवण्यात लाभ कसला? जहाजावर नोकरी करणारी आपल्या गावची मुले हे बरोबर ओळखतात. करार कित्येक महिन्यांचा असतो आणि तेवढी मुदत शिल्लक नसेल तर कंपनी बोलावीत नाही. मुलांच्या बाबतीत तर अधिक सावध असावे. मोठ्यांचे पारपत्र दहा वर्षांचे, परंतु लहान मुलाचे सामान्यतः पाचच वर्षांचे. सर्वांची पुस्तके एकाच दिवशी काढली, तरी धाकट्याचे आधी संपते. आणखी एक गोष्ट तरुण आईबापांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता केवळ सरकारी जन्मदाखला चालतो. स्नानसंस्काराचा दाखला फादरांकडून अवश्य घ्यावा, परंतु तो त्या खिडकीवर पुरणार नाही. ग्रामपंचायतीत अथवा नगरपालिकेत जन्माची नोंद वेळेवर करावी, आणि नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे एकच असेल असे पाहावे.

पारपत्र छापून निघाले आणि टपालाने पाठविल्याचा निरोप आला, तेव्हा प्रवासास अकरा दिवस उरले होते. पोस्टमन आला तो नेमका बुधवारी संध्याकाळी. वहिनी चर्चमध्ये गेलेल्या. पारपत्र ज्याचे त्याच्याच हाती द्यावयाचे असा नियम असल्यामुळे, आजोबांनी पुष्कळ विनविले तरी त्याने ते दिले नाही. आजोबा संतापले. आमच्या मते पोस्टमन योग्यच वागला; आणि हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळच्या मिस्सेलाही गेल्या नाहीत. आधारपत्र पदरात बांधून सात वाजल्यापासून पडवीत बसल्या. पोस्टमन आला दुपारी दोन वाजता. सही केली, त्याला लिंबाचे सरबत दिले, आणि मग लिफाफा उघडला.

जहाज कंपनीला जुना क्रमांक दिलेला होता. तो बदलून नवा कळविणे राहिलेच होते. ते नातीच्या लक्षात आले म्हणून बरे, नाहीतर बंदरावर पुन्हा तोच खेळ. चेन्नईहून सर्वजण निघाले. तीन पिढ्यांची अकरा माणसे. बोट लागली ती वहिनींना नव्हे, आजोबांना.

आम्ही त्यानंतर डिसेंबरात भोपाळला गेलो, तेव्हा त्यांनी नवे पुस्तक दाखविले. मुदत २०३३ पर्यंत. “तेव्हा मी ब्याऐंशी वर्षांची होईन. एवढी मुदत माझी स्वतःची आहे की नाही, देव जाणे,” असे म्हणून त्या हसल्या. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून घरातले मोठे बायबल काढिले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर कुटुंबातील जन्म, स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखा तीन वेगवेगळ्या शायांनी लिहिलेल्या आहेत. त्यांच्या खाली, ताज्या निळ्या शाईत, वहिनींच्या पारपत्राची तारीख होती; आणि तिच्या शेजारी कंसात, एक वर्ष अलीकडची दुसरी तारीख.