मुलाच्या नावची जमीन

परदेशी बापाने आपल्या अज्ञान मुलाच्या नावे जमीन खरेदी केली की तो कायदा चुकविण्याचा डाव, असे बेधडक म्हणणारा वर्ग अमेरिकेत जसा आहे तसा आपल्याकडेही आहे. खरेदीखत पोराचे, पैसा बापाचा, नांगर बापाचा. मग हे बेनामी नव्हे तर काय, असा या मंडळींचा सवाल असतो. सवाल खणखणीत आहे खरा. परंतु तो कायदा करणाराला विचारावयाचा सोडून बापाला विचारला जातो, एवढीच आमची तक्रार आहे. या प्रश्नाचा खरा कस कॅलिफोर्नियात लागला, म्हणून तेथील हकीकत पाहू.

१९१३ साली त्या राज्याने परकीयांच्या जमिनीविषयी कायदा केला. त्यात जपानी हा शब्द कोठेही नाही. ‘नागरिकत्वास अपात्र’ अशा परकीयांनी शेतजमीन विकत घेऊ नये, एवढेच त्यात म्हटले होते. आता अपात्र कोण? त्या काळी गोऱ्यांस व आफ्रिकी वंशाच्या लोकांस अर्ज करून नागरिक होता येई. जपान्यास येत नसे. म्हणजे नाव न घेता बोट दाखविण्याची ही युक्ती. पण त्याच देशाच्या राज्यघटनेप्रमाणे तेथे जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक ठरते. तेव्हा एकाच घरात बाप कायमचा अपात्र आणि पाळण्यातले मूल पूर्ण नागरिक, असा प्रकार झाला. बापाने मुलाच्या नावे जमीन घेतली, ती कायद्याने उघडी ठेवलेल्या दारातून घेतली. त्या दाराने आत गेलेल्यास चोर म्हणावयाचे असेल तर दार कोणी ठेवले हेही सांगितले पाहिजे.

रिव्हरसाइड गावच्या जुकिची हाराडा यांनी १९१५ साली एक घर घेतले, ते अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या तीन मुलांच्या नावे. भाड्याच्या जागेत असताना त्यांचे एक मूल घटसर्पाने दगावले होते. शेजाऱ्यांनी घर सोडण्याविषयी गळ घातली, ती चालली नाही, तेव्हा राज्याने फिर्याद केली. १९१८ साली न्यायाधीश ह्यू क्रेग यांनी घर मुलांचेच असा निकाल दिला.

निकाल झोंबला. १९२० साली मतदारांच्या कौलाने कायदा कडक करण्यात आला. अपात्र बापाने आपल्याच मुलाच्या जमिनीचा पालनकर्ता होऊ नये, हे त्यातले एक कलम. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली यानो प्रकरणात मोडून काढले. दुसरे कलम मात्र शिल्लक राहिले, आणि सगळे विष त्यातच होते. अपात्र परकीयाने पैसे मोजले व खत दुसऱ्याच्या नावे झाले, तर कायदा चुकविण्याचा हेतू गृहीत धरावा, असे ते कलम. याची गंमत अशी की, बापाने पैसा देऊन मुलाच्या नावे मिळकत घेतली तर ती देणगी समजावी, हा इंग्रजी परंपरेतला जुना नियम, आणि कॅलिफोर्नियातही तोच चालू. आयरिश बाप, जर्मन बाप, इटालियन बाप, सर्वांस तोच लागू. अपात्र बापाचे वात्सल्य तेवढे लबाडी, आणि तसे नाही हे शाबीत करण्याचा बोजा पोरावर!

आपल्याकडील आक्षेपकांस येथे बळ मिळेल, कारण हिंदुस्थानातील रूढी पाहून प्रिव्ही कौन्सिलने १८५४ सालीच असे देणगीचे अनुमान येथे करण्याचे नाकारले. परंतु ते अनुमान सर्व जातींच्या, सर्व वंशांच्या बापांस सारखेच नाकारले. आणि आपल्या १९८८ च्या बेनामी कायद्यातही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, ज्ञात उत्पन्नातून मुलाच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी समजली जात नाही.

शिवाय या जाचात आपलीही माणसे सापडली. इंपीरियल खोऱ्यात कापूस पिकविणाऱ्या कित्येक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे असे ठरले, आणि हे शेतकरी एका दिवसात अपात्र झाले. (थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. पुढे सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढू पाहिले, पण त्यांनी ते न्यायालयात टिकविले.) बाप ब्रिटिश प्रजाजन, आई मेक्सिकन, मूल अमेरिकन; अशा घरात जमीन कोणाच्या नावे करावयाची? त्यांनी जपान्यांचाच मार्ग धरला. त्यांनी दुसरे काय करावयास हवे होते, हे आक्षेपकांनी सांगावे.

प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ पुरावा ओयामा खटल्यातला, तोही पाहू. काजिरो ओयामा यांनी १९३४ साली सॅन डिएगो परगण्यात ६ एकर जमीन सहा वर्षांच्या फ्रेडच्या नावे घेतली, आणि १९३७ साली लगतची २ एकर. ते कोर्टाने नेमलेले पालनकर्ते होते. पण हिशेब मात्र त्यांनी दाखल केले नाहीत. हा दोष खरा, तो झाकण्याचे आम्हांस कारण नाही. पण पालनकर्त्याने हिशेब दिला नाही तर पालनकर्ता बदलावा. पोराची जमीन सरकारजमा करणे हा कोणता न्याय? आणि फिर्याद केव्हा केली? १९४४ साली, सारे कुटुंब १९४२ पासून सक्तीने आपल्या मुलखाबाहेर काढलेले असताना, फ्रेड सोळा वर्षांचा असताना! १९ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जमीन फ्रेडची ठरविली. बापाच्या वंशामुळे या नागरिक मुलास इतर मुलांहून वेगळे वागविले, हे त्या निकालाचे मर्म. मूळ कायदा मात्र न्यायालयाने तेव्हा मोडला नाही; राज्याच्या न्यायालयाने तो १९५२ साली मोडला, आणि मतदारांनी १९५६ साली रद्द केला.

हाराडा पतिपत्नी तो दिवस पाहावयास उरले नव्हते. युटातील टोपाझ येथील छावणीतच दोघांचा अंत झाला. मुलगी सुमी परत येऊन त्याच घरात राहिली.

हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने फ्लोरिडाकडे पाहावे. परकीयांच्या जमिनीविषयीचे जुने कलम त्या राज्याने २०१८ साली आपल्या घटनेतून काढले, आणि २०२३ साली चीनमध्ये अधिवास असलेल्यांच्या खरेदीवर नवे निर्बंध घातले. तेथे उद्या एखादा चिनी बाप अमेरिकेत जन्मलेल्या मुलीच्या नावे घर घेईल, तेव्हा सरकारी वकील देणगी गृहीत धरणार की लबाडी?