मरण कुणी वाटायचं?

नील शुस्टरमन या अमेरिकी लेखकाची ‘सायथ’ ही किशोरांसाठीची कादंबरी नोव्हेंबर २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या दोनच महिने आधी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने पालघर जिल्ह्यातल्या कुपोषणामुळे होणाऱ्या बालमृत्यूंच्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती आणि राज्य सरकारला नोटीस धाडली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण त्याच पालघरमधल्या डहाणू-तलासरीत बसून ही कादंबरी वाचणाऱ्याला तो जोडल्याशिवाय राहवत नाही. कादंबरीतल्या जगात माणूस मरतच नाही. इथे तो फार स्वस्तात मरतो.

कथानक थोडक्यात सांगतो. माणसाने मृत्यूवर मात केली आहे. ‘थंडरहेड’ नावाची संगणकीय बुद्धी जगाचा कारभार पाहते. भूक, रोगराई, लढाया संपल्या. म्हातारपण आलं की वय मागे फिरवून घेता येतं. पोरं गंमत म्हणून उंच इमारतीवरून उडी टाकतात आणि दोन-चार दिवसांत दुरुस्त होऊन घरी येतात. लोकसंख्या मात्र वाढतच राहते, म्हणून काही माणसं ठरवून मारायची आणि ती कायमची मारायची, असा बंदोबस्त आहे. हे काम ज्यांचं, ते सायथ. फॅरडे नावाचा सायथ सिट्रा ही मुलगी आणि रोवन हा मुलगा यांना शिकाऊ म्हणून निवडतो, तेही दोघांना हे काम अजिबात नको आहे म्हणून. पुस्तकाला २०१७मध्ये अमेरिकेतल्या किशोरसाहित्याच्या प्रिन्ट्झ पुरस्काराचा सन्मान मिळाला आणि पुढे आणखी दोन भाग आले.

पहिला आक्षेप ठरलेला असतो : मुलांच्या हातात असली मरणाची पुस्तकं कशाला द्यायची? अभद्र विषय, कोवळी मनं, वगैरे. हा आक्षेप घेणारे लोक नचिकेत्याला विसरतात. बापाने रागाच्या भरात ‘तुला मृत्यूला दिलं’ म्हटल्यावर यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहिलेला तो मुलगाच होता, आणि यमाने देऊ केलेली दौलत नाकारून त्याने विचारलं ते मरणाबद्दलच. महाभारतात तर सोळा वर्षांचा अभिमन्यू पडल्यावर शोक करणाऱ्या युधिष्ठिराला व्यास जी कथा ऐकवतात, ती जवळजवळ या कादंबरीचंच बीज आहे. प्राणी मरत नाहीत, पृथ्वीला भार सोसवेना, म्हणून ब्रह्मदेव मृत्यू नावाची स्त्री निर्माण करतो आणि तिला संहाराला धाडतो. ती रडू लागते. हे काम मला नको म्हणते, हजारो वर्षं तप करते. शेवटी तिच्या अश्रूंचेच रोग होतात. शुस्टरमनने ही कथा वाचली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. मारण्याचं काम ज्याला नकोसं वाटतं त्याच्याच हाती ते द्यावं, हा विचार आपल्याकडे फार आधी होऊन गेला आहे आणि तो घरच्या पोरांपुढेही सांगितला जात असे. शिवाय आश्रमशाळेतल्या मुलाला मरणापासून जपायचं म्हणजे नेमकं कशापासून? पाड्यावरचं मरण त्याने पुस्तकाआधीच पाहिलेलं असतं. कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोललेलं मात्र नसतं.

दुसरं मत जास्त अवघड, कारण ते विरोधकांचं नसून चाहत्यांचं आहे आणि खुद्द कादंबरीचाही त्याकडे कल आहे. मरण नसेल तर जगण्याला चव राहत नाही, असं ते मत. कादंबरीतल्या अमर जगात कला निस्तेज झाली आहे, माणसं गुळगुळीत झाली आहेत, कुणाला कशाची ओढ नाही. आपले वाचक लगेच माना डोलावतात आणि अश्वत्थाम्याचं उदाहरण पुढे करतात : पाहा, अमरत्व हा शापच. हे उदाहरण मला कधीच पटलेलं नाही. अश्वत्थाम्याची शिक्षा म्हणजे कपाळावरची वाहती जखम आणि माणसांतून हद्दपारी. महाभारतात तर त्या भटकंतीला तीन हजार वर्षांची मुदतही आहे. सात चिरंजीवांत तो एकटाच दुःखी. हनुमान, बिभीषण, व्यास, परशुराम यांची कीव आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. बळीचं राज्य परत यावं म्हणून तर आपल्या आयाबहिणी दरवर्षी ओवाळतात. तेव्हा दोष जखमेचा आणि एकटेपणाचा, लांब आयुष्याचा नव्हे.

मरणाने जगण्याला अर्थ येतो, हे वाक्य ऐंशीव्या वर्षी म्हणायला ठीक. त्यात शहाणपण असेलही. पण ते पाचव्या वर्षी न्यूमोनियाने गेलेल्या मुलाच्या आईसमोर म्हणून दाखवावं. ज्यांच्या घरात अकाली मरण दुर्मीळ झालं आहे त्यांना मरण तत्त्वज्ञानाचा विषय वाटू लागतं. बाकीच्यांना ते निव्वळ टाळता आलं असतं, एवढंच ठाऊक असतं.

याच ठिकाणी मला फॅरडेशी भांडायचं आहे. वाचकाला तो सायथांमधला सगळ्यात सज्जन वाटतो आणि लेखकालाही तसाच वाटत असावा. कुणाला मारायचं हे तो मनाने ठरवत नाही. जुन्या मर्त्यकाळाची आकडेवारी काढतो. त्या काळी अमुक टक्के माणसं मोटार अपघातात मरत, त्यांत अमुक दारू पिऊन चालवणारी, म्हणून त्या वर्णनात बसणारा एक शाळकरी मुलगा निवडायचा. पद्धत निःपक्षपाती, हिशेब चोख. पण ही आकडेवारी आपल्या इथली घेऊन बसा. फॅरडे डहाणूत आला आणि त्याने आपल्या काळाचे आकडे चाळले, तर त्याचं बोट कुणावर पडेल? कमी वजनाचं बाळ, घरीच अडलेली बाळंतीण, सागरी वाऱ्यात सापडलेला खलाशी, जमिनीवर झोपलेला शेतमजूर. जुना अन्याय नव्या काटेकोरपणाने पुन्हा एकदा होईल आणि वर त्याला न्याय म्हटलं जाईल.

त्या शेतमजुराचंच घ्या. मण्यार रात्री चावते. चावा फारसा दुखत नाही, खूण धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. घोणस आणि फुरसं रक्तावर जातात, त्यासाठी आरोग्य केंद्रात एक अगदी साधी चाचणी करतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त साकळलं असेल तर ठीक, वाहिलं तर विष चढलं आहे. त्यानंतर प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच द्याव्या लागतात. भुकटीच्या रूपातल्या कुप्यांना फ्रिजही लागत नाही. मुंबईच्या हाफकिनने हे औषध कित्येक दशकं बनवलं आहे. डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे आणि सर्पदंश हा त्याच्या कामाचा एक विषय आहे. तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सरासरी वर्षाला ५८ हजार माणसं गेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. लोक आधी भगताकडे जातात, असं नाक मुरडून सांगितलं जातं. भगत पाड्यावर असतो आणि मध्यरात्रीही उठतो, हे कुणी सांगत नाही. नोव्हेंबर २०१८पासून तलासरी-डहाणूत भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा माणसं पडक्या घराच्या भीतीने अंगणात, तंबूत झोपू लागली. भिंतीपासून वाचायचं तर सापाच्या वाटेत झोपायचं, अशी ती निवड. यात जगण्याला कुठला अर्थ आला?

दुसरी सायथ, क्युरी, जगण्याला कंटाळलेले चेहरे शोधते. भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवरून पावसाआधी परतणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तिला तो कंटाळा दिसेल. पण तो जगण्याचा कंटाळा नव्हे, सहा महिने झोप न झाल्याचा थकवा आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, अडचण तीच आहे.

मग कादंबरी टाकाऊ ठरली का? मुळीच नाही. तिचा सिद्धान्त मी नाकारतो. तिचा प्रश्न मात्र या पट्ट्याला फार जवळचा आहे. सायथांच्या दहा आज्ञांपैकी शेवटची म्हणते की या आज्ञांखेरीज कोणताही कायदा सायथांना लागू नाही. अमेरिकेतल्या मुलाला ही कल्पना अद्भुत वाटत असेल. तलासरीतल्या मुलाचा पणजा ती जगला आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायची. याला लग्नगडी म्हणत. वेठ, मारहाण, बायकांवर अत्याचार, आणि दाद मागायला जागा नाही. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी जमावावर गोळ्या चालवल्या, जेठ्या गांगड आणि इतर मारले गेले. कायद्याबाहेर बसलेल्या सत्तेला सज्जन माणसं पुरत नाहीत, ती एक दिवस गॉडर्ड नावाच्या सायथाच्याच हाती जाते, हे कादंबरी नेमकं दाखवते. गॉडर्ड मारण्यात आनंद मानतो आणि मारण्याच्या संख्येवरची मर्यादा उठवायला निघतो. इथे तिची पकड पक्की आहे.

आणखी एक गोष्ट तिला सुचली, आपल्या व्यवस्थेला नाही. सायथाला स्वतः यावं लागतं. फॅरडे-क्युरीसारखे सायथ नातलगांनाही भेटतात. आणि प्रत्येक सायथाला रोज जे केलं ते स्वतःच्या हाताने वहीत लिहावं लागतं. ती वही कुणालाही वाचता येते. आपल्याकडे मरण वाटणारा कुणी दारात येत नाही. रिकामी पोषण आहाराची गोणी, न आलेली गाडी, मंजूर न झालेलं पद, एवढेच काय ते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो, भूक लिहिली जात नाही. क्रूर सायथाचं निदान नाव तरी असतं.

राहता राहिला आमच्या कार्यकर्त्या मित्रांचा आक्षेप : भुकेबद्दल बोलायचं तर भुकेचंच पुस्तक द्या, ही परदेशी कल्पनाकथा कशाला? वारल्यांच्या त्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्याच कपाटात ठेवा की. एक वाचून दुसरं वाचायला कुणी बंदी केली नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पणजोबाची गोष्ट उपदेश म्हणून सांगितली तर तो जांभई देईल. सिट्रा-रोवनच्या मागे लागून तो स्वतःच तिथवर पोचला, तर सोडणार नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विनंती अशी की पुस्तक मुलांना द्या, आणि वाचून झाल्यावर त्यांना फॅरडेच्या आकडेवारीवर वाद घालायला लावा. आणि तुम्ही डहाणू-तलासरीत राहत असाल तर एक काम तुम्हीही करा. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन सापाच्या इंजेक्शनच्या कुप्या आज किती शिल्लक आहेत आणि रात्री दोन वाजता त्या कोण देणार, एवढं विचारून या.