मातिचवर अन्याय नको

फुटबॉलपटू नेमान्या मातिचला ‘निष्ठा नसलेला भटक्या’ ठरवणारे पत्र पटले नाही. २०११ मध्ये दाविद लुईझला मिळवण्यासाठी चेल्सी क्लबने मातिचला त्याच व्यवहारात बेन्फिकाकडे देऊन टाकले. गरज क्लबची होती. जानेवारी २०१४ मध्ये याच चेल्सीने सुमारे २.१ कोटी पौंड मोजून त्याला परत आणले. बचावफळीपुढे ठाण मांडून चेंडू हिसकावायचा, डाव्या पायाने शांतपणे पुढे सरकवायचा, ही त्याची कामगिरी २०१४-१५ आणि २०१६-१७ च्या प्रीमियर लीग विजेतेपदांमागे होती. रेनचा क्लब सहा महिन्यांत सोडून तो लिऑनला गेला, हे मलाही खटकते. पण कोशित्सेपासून रोमापर्यंतची सारी कारकीर्द त्या एका निर्णयावरून तोलू नये, ही पत्रलेखकाला विनंती.
– एक वाचक