हाताला छंद, डोळ्यांना उपास

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांच्या भिंती आणि विजेचे खांब बोलू लागतात. छंदवर्ग, संस्कार शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास, हस्ताक्षर सुधार, अबॅकस, नृत्य आणि अर्थातच चित्रकला! दहा दिवसांपासून महिन्यापर्यंतचे वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. आईवडिलांचा हिशेब सरळ असतो. घरात बसले तर पोर मोबाईल सोडत नाही आणि बाहेर ऊन मी म्हणत असते. निदान दोन तास तरी ते कशात तरी रमेल. हा हिशेब चुकीचा नाही. चार पैसे खर्चून मुलाच्या हातात कुंचला देणाऱ्या पालकाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण अशा वर्गाच्या शेवटच्या दिवशी भरणारे चित्रांचे प्रदर्शन जरा थांबून पाहावे. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी कौलारू झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. वीस मुलांपैकी पंधरांच्या कागदावर हेच. आता नीरा-भीमेच्या या सपाट पट्ट्यातल्या मुलाने असे डोंगर आणि असा नारळ कुठे पाहिला? त्याच्या क्षितिजावर उसाचे फड आहेत, साखर कारखान्याची चिमणी आहे, नीरा डावा कालवा आहे, माळावर मेंढ्यांचा कळप आहे. यातले काहीही कागदावर उतरत नाही. मुलाचा हात अडखळत नाही, रंगही बरे भरलेले असतात. मात्र त्याने जे काढले ते पाहिलेले नसते आणि जे रोज पाहतो ते काढण्याजोगे आहे असे त्याला कुणी सांगितलेले नसते.

गाणे शिकणारे मूल गाणे ऐकते. कुस्ती शिकणारा पोरगा तालमीत मोठ्यांच्या कुस्त्या पाहतो. चित्र शिकणारे मूल मात्र मोठ्या चित्रकाराचे एकही खरे चित्र न पाहता मोठे होते. आपल्या तालुक्याच्या गावांतील कलाशिक्षणाचा हा खरा प्रश्न आहे आणि दहा दिवसांच्या वर्गाने तो सुटणारा नाही. त्याला जागा लागते. जिथे चित्रे, मूर्ती, वस्तू पाहायला मिळतात, त्यांच्यासमोर बसता येते, प्रश्न विचारता येतात, अशी जागा. तिलाच संग्रहालय म्हणतात.

गुणांपुरती चित्रकला

शाळेत काय चालते? महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची परंपरा जुनी आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे विषय कित्येक पिढ्यांनी गिरवले. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना कलेची पहिली ओळख करून दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून गर्दी वाढली. पण गुणांसाठी बसणारे मूल गुणांपुरतेच शिकते. 'स्मरणचित्र' या शब्दात स्मरण आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बाजार, जत्रा, बसथांबा अशी चार चित्रे पाठ करून घेतली जातात, जशी निबंधमाला पाठ करावी तशी.

ही सोयसुद्धा सर्वांना नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक सांगितले. पण सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असलेल्या शाळांना. वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेत एवढी मुले येणार कुठून? म्हणजे ज्या मुलाच्या घरी रंगपेटी नाही, त्याच्याच शाळेला चित्रकलेचा शिक्षक नाही. उन्हाळी वर्गाची फी भरणारे घर वेगळे आणि हे घर वेगळे. संग्रहालयाचा विचार करायचा तो या दुसऱ्या घरासाठी. पहिले घर पुण्या-मुंबईला जाऊन काय पाहायचे ते पाहून येऊ शकते.

औंधच्या राजाचे शहाणपण

'संग्रहालय हे मोठ्या शहरांचे काम, तालुक्याच्या गावाला ते कसे झेपणार?' असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. औंध हे खटाव तालुक्यातले, दुष्काळी माणदेशाच्या उंबरठ्यावरचे छोटे संस्थान. तिथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले आणि १९३८ साली ते खुले झाले. राजा रविवर्म्यांची चित्रे, धुरंधरांची चित्रे, इतकेच काय पण पुढे जगभर गाजलेल्या हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे शिल्पदेखील तिथे आहे. लंडन-पॅरिसच्या दालनात शोभावे असे शिल्प माणदेशच्या वाटेवर आणून ठेवताना या राजाने 'इथल्या शेतकऱ्याला यातले काय कळणार?' असा प्रश्न विचारला नाही. तो आपण आज विचारतो आहोत.

दुसरे उदाहरण पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, वाद्ये, बाहुल्या अशा सुमारे २० हजार वस्तू जमवल्या. बालवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी उभे केलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केले. यातल्या कितीतरी वस्तू सामान्य माणसांच्या स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या. अडकित्त्यालाही घाट असतो, समईलाही डौल असतो, हे केळकरांनी दाखवले नसते तर त्या वस्तू मोडीत गेल्या असत्या. म्हणजे संग्रहालयाला राजाच हवा असेही नाही. नजर असलेला एक माणूस आणि त्याला साथ देणारा समाज पुरतो.

तिसरे उदाहरण चाकांवरचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस सुरू केली आणि संग्रहालयच शाळांच्या दारात नेले. २०१९ साली याच संस्थेने आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले. अमेरिकेत ब्रुकलिन येथे मुलांचे पहिले संग्रहालय सुरू झाले ते १८९९ साली. शंभराहून अधिक वर्षे उशिरा का होईना, विचार इथवर आला आहे. तो पुणे-सोलापूर रस्त्याने आणखी थोडा पुढे सरकायला हरकत नाही.

उन्हाळ्यात उघडणारे दालन

बारामती-इंदापूरच्या संग्रहालयात ठेवायचे काय? सुदैवाने त्याची वानवा नाही. इंदापूर तालुक्यातले एक प्रदर्शन तर निसर्गच उन्हाळ्यात भरवतो. भीमेवरच्या उजनी धरणात पळसदेवचे जुने गाव गेले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात धरण आटू लागले, की आधी शिखर दिसू लागते आणि पाणी फारच ओसरले तर सारे मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला, तेव्हा लोकांची रीघ लागली. लोक आले, मंदिरापुढे उभे राहून फोटो काढून गेले. पण त्या दगडांवर कोरलेले काय आहे, वीरगळ म्हणजे काय, तो कोणासाठी उभा करतात, हे मुलांना सांगणारे किती होते? पाणी चढले की मंदिर पुन्हा बुडते आणि दगड दरवर्षी थोडे थोडे झिजतात. ते उघडे असतील त्या दिवसांत कलाशिक्षकांनी मुलांना तिथे नेऊन बसवले, रेखाटने करून घेतली, आजोबांकडून बुडालेल्या गावाचा नकाशा काढून घेतला, तर तेवढ्यातून एका दालनाचा ऐवज होईल. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, ती माणसे आता थकत चालली आहेत. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.

संत तुकाराम महाराजांची पालखी याच दोन तालुक्यांतून पंढरीला जाते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. रंग, लय आणि आकार यांचे इतके भव्य दृश्य पाहायला परदेशातून छायाचित्रकार येतात. आपल्या मुलांच्या चित्रवहीत ते कितीसे दिसते? मेंढपाळाचे घोंगडे, बैलांची झूल, मोट आणि नाडा, जाते, पाभर या साऱ्यांचा उपयोग संपला म्हणून त्यांचा घाट संपत नाही. करेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव आहे हे. अक्षरांचे सौंदर्य, पोथीची मांडणी, बोरूचे लेखन हा एकच विषय घेतला तरी सुट्टीचे आठ दिवस पुरतील.

आणि वाकळ! उन्हाळा म्हणजे घरोघरी कुरडया-पापडांचा आणि जुनी लुगडी-धोतरे जोडून वाकळ शिवण्याचा हंगाम. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी लावायचा, टाका कुठे वळवायचा, हे ठरवणाऱ्या आजीने रंगसंगतीचा वर्ग कधी केला नव्हता. पण तिला ती कळते. तिला वर्गातल्या खुर्चीवर मानाने बसवून मुलांना शिकवायला सांगितले, तर छंदवर्गाची फी कुणाला द्यायची हा प्रश्नही वेगळ्या रीतीने सुटेल.

पैसा कुठून, कारभार कुणाचा?

'जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे चित्रांचे चोचले कशाला?' हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावू नये. पाणी आधी, यात वाद नाही. पण याच तालुक्यांत नाट्यगृहे आणि सभागृहे उभी राहिली, विज्ञान केंद्र आले. त्यांच्या वेळी पाण्याचा प्रश्न मिटलेला नव्हता. जे हवेसे वाटले ते समाजाने उभे केले. कलेच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा सभागृहाचा व्हरांडा किंवा शाळेचा रिकामा वर्गच येतो, कारण ती हवीशी यादीत अजून आलेली नाही.

पैशाची वाट कायद्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या मूळच्या इटालियन कंपन्या आहेत. ज्या देशात गावोगावी चित्रे जपली जातात, तिथून आलेल्या उद्योगांना हा विषय समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत.

इमारतीपासून सुरुवात मात्र करू नये. आपल्याकडे आधी कोनशिला बसते, मग इमारत होते, मग उद्घाटन, हार-तुरे आणि शेवटी कुलूप. मे महिन्यात शाळा रिकाम्या असतात. एका शाळेचे दोन वर्ग महिनाभर घ्यावेत. एकात प्रदर्शन, दुसऱ्यात वर्ग. प्रवेश विनामूल्य असावा. रविवारी दार उघडे असावे, कारण आई-बाप त्या दिवशीच मोकळे असतात. प्रत्येक वस्तूखाली सोप्या मराठीत चार ओळी असाव्यात: ही काय आहे, कुणाची आहे, कशी वापरत. चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावीत. पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढू नये. वाडीवस्तीवरच्या मुलांना आणायला शाळेची किंवा कारखान्याची गाडी मागावी. नगरपालिकेने वीज आणि राखणदार द्यावा आणि निवृत्त कलाशिक्षकांनी कारभार पाहावा. दोन उन्हाळे हे नीट चालले, तर इमारतीची मागणी लोकच करतील आणि मग ती मागणी टाळणे कुणालाही जड जाईल.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून जगभर पाळला जातो. तो नेमका आपल्या सुट्टीच्या मध्यावर येतो. तोवर थांबण्याचीही गरज नाही. या सुट्टीत एक दिवस काढून मुलांना औंधला किंवा पुण्याला केळकर संग्रहालयात न्यावे. निघण्यापूर्वी ते उघडे आहे ना, एवढी चौकशी करावी. सगळी दालने पालथी घालण्याची घाई नको. एका वस्तूपुढे दहा मिनिटे उभे राहावे आणि मुलाला दोनच प्रश्न विचारावेत: तुला काय दिसते? आणि हे करणाऱ्याने आधी काय केले असेल? घरी आल्यावर कोरा कागद पुढे ठेवावा आणि 'छान काढ हं' असे म्हणू नये. कागदावर डोंगर आणि नारळाऐवजी उसाचा फड किंवा आजीची वाकळ उमटली, तर तो कागद जपून ठेवावा. गावात संग्रहालय सुरू होईल त्या दिवशी भिंतीवर लावायला तो लागेल.