दूरक्षेत्र कोणाचे?

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून माथ्यावर आले की पोलिसांचे जे ठिकाण लागते त्याला सरकारी मराठीत ‘दूरक्षेत्र’ म्हणतात. आउटपोस्टसाठी योजलेला हा शब्द वरवर निरुपद्रवी आहे, परंतु तो एक प्रश्न मागे ठेवतो. दूर, ते कोणापासून? सावंतवाडीपासून, ओरोसपासून, मुंबईपासून ते दूर आहे यात शंका नाही. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत ज्यांच्या पिढ्या नांदल्या त्यांच्यापासून ते दूर नाही. त्यांच्या लेखी दूर आहे ते सरकार. डोंगरातील माणसाकडे राज्यकर्त्याने कोठून पाहावे, हे या एका शब्दात ठरून गेलेले आहे, आणि ते आज ठरलेले नाही.

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती आले. घाटावर बेळगावला छावणी आणि समुद्रकाठी वेंगुर्ल्याचे बंदर, अशी या मुलखाची नवी मांडणी झाली. या दोहोंना जोडणारा रामघाट आणि पुढे आंबोलीचा घाट यांना महत्त्व चढले ते या मांडणीमुळे. रस्ता आधी सैन्यासाठी आला, मग व्यापारासाठी. गावकऱ्याच्या सोयीचा विचार सर्वांत शेवटी झाला. १८३८ मध्ये सावंतवाडी संस्थानाचा कारभारच इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. कोल्हापूर राज्यात गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी नव्या महसुली व्यवस्थेखाली येऊ लागल्या तेव्हा १८४४ मध्ये त्यांनी बंड पुकारले. सामानगड आणि भुदरगडावर पेटलेला तो वणवा घाट उतरून सावंतवाडीत आला. फोंड सावंतांच्या नेतृत्वाखाली मनोहर व मनसंतोष हे गड लढले आणि जानेवारी १८४५ मध्ये पडले. त्यानंतर या प्रदेशावर वचक ठेवण्याचे काम इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील ‘सावंतवाडी लोकल कोअर’कडे राहिले. शिपाई याच मातीतले, हुकूम मात्र परका. साम्राज्यशाहीची ही रीत सर्वत्र एकच आहे.

इंग्रजांपूर्वी घाटवाटा मोकळ्या होत्या असा भाबडा समज कोणी बाळगू नये. जकात होती, मेटे होती, सरंजामी जुलूमही होता. फरक होता तो एवढाच की, पहारा करणारा डोंगराचा रहिवासी होता आणि त्या सेवेपोटी त्याला जमिनीचा वा हक्काचा आधार होता. नव्या राज्याने तो आधार काढून घेतला, आणि आधार गमावलेल्या पहारेकऱ्याने हत्यार उचलताच त्याला दरोडेखोर ठरवले. पुणे-नगरच्या सह्याद्रीत महादेव कोळ्यांचे तेच झाले. ज्या घराण्याने सरकारची पोलिसी चाकरी केली होती त्याच घराण्यातील राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. चौकी बंडाच्या बंदोबस्तासाठी बसते असे सरकारी दप्तर सांगते. बंड का झाले, हे त्या दप्तरात शोधावे लागते.

चौकी केवळ बंडासाठी बसत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७८ चा वन कायदा, त्याच वर्षीचा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आणि त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारशी करार करून गोव्याच्या मिठावर मिळवलेला ताबा, या तिन्ही गोष्टींचा अर्थ एक होता: लाकूड, ताडी-माडी आणि मीठ या गरिबाच्या घरातील वस्तू सरकारच्या उत्पन्नाच्या बाबी झाल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नाका ही मक्तेदारीची वेस असते. शिपाई तेथे कायद्याचे रक्षण करतो, आणि कायदा उत्पन्नाचे.

सातासमुद्रापलीकडचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. तेथील डोंगरात अतायल आदिवासी राहत होते आणि त्यांच्या रानात कापराची झाडे होती. जगाच्या बाजारात कापराला मागणी होती. जपानी सरकारने डोंगराभोवती पहाऱ्याची रेषा आखली, ठिकठिकाणी विजेच्या तारा लावल्या आणि १९१० ते १९१४ या पाच वर्षांच्या मोहिमेत आदिवासींच्या बंदुका काढून घेतल्या. त्यानंतर डोंगरवाटांवर पोलीस चौक्या बसल्या. ज्या वाटेने अतायलांचे सोयरेधायरे एकमेकांकडे जात, ती रुंद करून बंदोबस्ताचा रस्ता झाली. चौकीतील पोलीसच शाळेत शिकवी आणि व्यापारावर देखरेखही ठेवी. १९३० मध्ये वूशे येथे उठाव झाला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. आज त्या चौक्यांचे चौथरे पाहत गिर्यारोहक त्याच वाटांनी हिंडतात. परंतु २०१६ मध्ये तैवानच्या राष्ट्राध्यक्षांनी आदिवासींची जाहीर माफी मागितली, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे परके राज्य जाऊन पाऊण शतक लोटले. माफीचे सोडा, कागद तरी बदलले काय? आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न याचे उत्तर देतो. गावाने सामुदायिकपणे कबुलायत लिहून देऊन कसलेल्या या जमिनी. स्वराज्यात त्यांच्या सातबाऱ्यावर शासनाचे नाव लागले आणि कसणारा आपल्याच शेतात उपरा झाला. ‘वनसंज्ञा’ या शब्दाने सिंधुदुर्गातील कितीतरी शेतकऱ्यांची झोप उडवली आहे. गेल्या काही वर्षांत कबुलायतदार जमिनींच्या वाटपाचे निर्णय झाले आहेत, त्यांचे स्वागत केले पाहिजे. मात्र यादीत नाव कोणाचे लागते, हीच खरी कसोटी आहे. गावकर म्हणून ज्यांची नोंद नाही ते भूमिहीन आणि धनगरवाड्यांवरची कुटुंबे वगळली गेली, तर एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय बसेल.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. बिगर-आदिवासी वननिवासींना त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. गवळी-धनगराने १९३० सालचा कागद कोठून आणावा? त्या काळी त्याची नोंद झालीच असेल तर ती शेळ्या रानात शिरल्याबद्दलच्या दंडाची! तथापि नियमांनी एक दार उघडे ठेवले आहे. गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षणाचे अहवाल हे जसे पुरावे आहेत तसाच वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही पुरावा आहे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट अधिकाऱ्यास धरता येत नाही.

वन राखायला नको काय, असा प्रश्न सुजाण मंडळी विचारतील. अवश्य राखले पाहिजे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, वाहने अडकतात, पर्यटकांची झुंबड उडते. तेव्हा दूरक्षेत्रातील शिपाईच भिजत उभा असतो, हेही मान्य केले पाहिजे. विरोध शिपायाला नाही आणि झाडालाही नाही. विरोध आहे तो राखणारा आणि राहणारा हे एकमेकांचे शत्रू मानणाऱ्या वृत्तीला.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम आहे ते वही-पेन्सिलीचे. वाड्यावाड्यांवर जाऊन वृद्धांच्या साक्षी लिहून घ्याव्यात. जुने गोठे, देवस्थाने, पाणवठे यांची ग्रामसभेपुढे नोंद करावी. सामूहिक हक्कांचे दावे दाखल करावेत. ज्यांनी १९३० पूर्वीचे आईबापांकडून ऐकले ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. दप्तर थांबेल, माणसे थांबणार नाहीत. दूरक्षेत्राच्या नोंदवहीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची नोंदवही आता ग्रामसभेने लिहिली पाहिजे, आणि ती या पावसाळ्याच्या आत सुरू झाली पाहिजे.