बांबूची आगगाडी



रोवणी आटोपली. बांधीतले पाणी पाहण्यापलीकडे चार दिवस मोठे काम नाही, म्हणून आज खोडकिडा आणि तुडतुडे बाजूला ठेवून खेळण्यातल्या आगगाडीविषयी लिहितो. रागावू नका.

नागभीडकडच्या एका घरी गेलो होतो. नववीतला मुलगा पडवीत बांबूच्या कामट्या तासत बसलेला. वडील म्हणाले, "साहेब, याला तुम्हीच सांगा. रेल्वे बनवतो म्हणे!" कोणती रेल्वे? तर नागपूर–नागभीडची छोटी लाईन. रुंद रुळांच्या कामासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. मुलाच्या आबाजींचे अर्धे आयुष्य त्या गाडीत गेले. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. पोराला ती गाडी त्यांच्या हातात द्यायची होती. मग मी काय सांगणार? मीही खाली बसलो.

पहिली गोष्ट मापाची. छोट्या लाईनचे रूळ एकमेकांपासून अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटरवर. आम्ही विसावा हिस्सा धरला. एक फुटाला दीड सेंटिमीटर, म्हणजे रुळांतले अंतर ३८ मिलिमीटर आणि सहा फुटी दार नऊ सेंटिमीटरचे. एकदा प्रमाण धरले की सर्वत्र तेच पाळायचे. अंदाजाने केलेला डबा पेटीसारखा दिसतो. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. तिथल्या डब्यांवरून मुलगा मापे वहीत उतरवून आला.

आता माझी चूक. मी पडलो बंडीवाला. "डब्याच्या दोन्ही टोकांना आख ठोकून टाक," असे मी सांगितले. सरळ रुळावर डबा धावला, वळणावर उतरला. लांब डब्याखाली दोन वेगळ्या चारचाकी बोग्या लागतात आणि त्या खिळ्यावर फिरल्या पाहिजेत, हे पोराने मोतीबागेत वाकून पाहिले होते. मला सांगायला संकोचला बिचारा.

तरी गाडी उतरेच. दोष चाकात होता. बंडीचा आख स्थिर असतो आणि चाके आपापली फिरतात. वळताना बाहेरचे जास्त फिरते, आतले कमी. आगगाडीची दोन्ही चाके आखाला पक्की, ती एकदमच फिरतात. म्हणून त्यांची धाव सपाट नसते. आतल्या कडेला घेर मोठा, बाहेर निमुळता. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते, मग बाहेरचे चाक मोठ्या घेरावर चालते आणि आतले लहान घेरावर. आतला उंच काठ फक्त राखणीला. खोटे वाटत असेल तर चहाचे दोन कागदी पेले तोंडाला तोंड चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडा. मधोमध धावतील. बुडाला बूड चिकटवले तर खाली पडतील. आमच्याकडे सुताराने सागाची चाके खरादावर तशी निमुळती करून दिली, तेव्हा गाडी रुळावर राहिली.

रूळ सायकलच्या स्पोकचे, स्लीपर बांबूचे, मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची, सेल इंजिनातच. रुळातून वीज द्यायची असेल तर लोखंडी आख चालणार नाही. दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होईल. लाकडी आख बरा.

बांबूविषयी मात्र माझे ऐका. पावसाळ्यात तोडलेला ओला बांबू घेऊ नका. त्यात साखर-पिठूळपणा जास्त, भुंगेरा लागतो आणि चार महिन्यांत डब्याखाली पिठी पडते. हिवाळ्यात तोडलेला, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवलेला घ्या.

हा पोरखेळ वाटतो त्यांनी पुण्याला कोथरूडमध्ये जावे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ पासून तिथे आहे. मोठी माणसे तिकीट काढून पाहतात.

पोळ्याच्या आधी गाडी तयार झाली. आबाजींनी डबा मांडीवर घेतला. बोटे छतावरून, खिडक्यांवरून, दारापर्यंत गेली आणि थांबली. "बाबू, पायरी कुठं हाय? धानाचं पोतं घेऊन मी चढू कसा?"

वडील आत गेले आणि त्यांनीच कामटी आणून दिली.